टिल्लूचं स्वैपाकघर

ब्याण्णव साली दत्तराव मानवतच्या बाजारात कापूस घालून आला आणि येताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. आमच्या झरी गावात तसली वस्तू पहिलीच. त्यात अंगठ्याएवढा माणूस एका राक्षसी स्वैपाकघरात अडकलेला. चमचा त्याला ओंडक्याएवढा, बशी तळ्याएवढी. वरच्या फळीमागच्या खिडकीतून त्याला बाहेर काढायचं, एवढाच खेळ. आम्ही त्याचं नाव टिल्लू ठेवलं.

चार दिवस आम्ही दहा-बारा बाप्ये दत्तरावच्या घरात ठाण मांडून होतो. टिल्लू चुलीवरच्या पातेल्याला वळसा घालायचा, फळीकडं उडी मारायचा आणि पडून मरायचा. लिंबाजीनं त्याला पंचवीस वेळा मारला, चंद्रभाननं तर मोजायचंच सोडून दिलं. शेतात वेचणी तशीच पडलेली आणि आम्ही इथं अक्कल पाजळत होतो. वर दर तासाला कुणीतरी म्हणायचं, वहिनी, चहा होऊ द्या. कमलवहिनी, म्हणजे दत्तरावची बायको, चहा करून करून टेकीला आल्या होत्या. टिल्लू सुटल्याशिवाय ही ब्याद घरातून हलत नाही, हे त्यांनी ओळखलं.

पाचव्या दिवशी कपबशा उचलता उचलता त्या टीव्हीपुढं थांबल्या.

"जाळ वाढवा," त्या म्हणाल्या. "झाकण उचलायलं की त्याच्यावर उभा करा त्याला."

पातेलं म्हणजे मरण, असंच आम्ही धरून चाललो होतो. दत्तरावनं टिल्लूकडून चुलीतलं लाकूड आत ढकललं. उकळी फुटली, झाकण वाफेनं वर गेलं आणि टिल्लू अलगद फळीवर उतरला. जन्मात चुलीपुढं न बसलेली आमची पलटण. मला तर लाजच वाटली.

वहिनींना वाटलं, सुटले. पण खिडकीपलीकडं टिल्लूला दुसरी खोली लागली, पहिलीपेक्षा मोठी. लिंबाजीनं मांडी बदलली आणि चहा मागितला.

"पुढचं बी सांगते मी," वहिनी खाली बसत म्हणाल्या, "पण आज च्या ह्यांनी करायचा."

दत्तराव आत गेला. बराच वेळ भांडी पडल्याचे आवाज येत राहिले. अर्ध्या तासानं तो कप घेऊन आला. ज्या डब्यावर 'चहा' लिहिलं होतं, तोच त्यानं उघडला होता. डब्यावर लिहिलेलं डब्यात असतं, असं फक्त बाप्यालाच वाटतं. आत कारळं होती, चटणीची. ती त्यानं दुधात चांगली खळखळून उकळली होती. एका घोटात लिंबाजीला वेचणी आठवली, चंद्रभानला म्हैस आणि मला सासुरवाडी. पाच मिनिटांत घर रिकामं झालं.

मी दारात चपला शोधत होतो. वहिनी तो काळा-पांढरा काढा बशीत ओतून, फुंकर मारत पीत होत्या. दत्तराव ओशाळून म्हणाला, टाकून दे, दुसरा ठेवतो.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "अठरा वर्षांत आयता च्या पहिल्यांदाच भेटलाय."