मातेची करंगळी

शिवणकामाच्या कारखान्याच्या दारात बायकांची ही लांब रांग. प्रत्येकीच्या कडेवर तान्हं मूल आणि रांगेच्या टोकाला खुर्चीत, अंगात दैवी शक्ती आहे म्हणणारी माता. पोरानं कितीही टाहो फोडला, तरी माता दोन्ही तळहात उघडे करून दाखवायची. "हातात काही नाही, जे येतं ते वरून येतं," म्हणायची आणि करंगळी त्याच्या तोंडात द्यायची. थोड्या वेळात पोर गप्प. मग ते मागच्या खोलीत, पाळण्यात. भिंतीपलीकडे मशिनींचा खडखडाट, आणि एकही पोर हूं की चूं करत नव्हतं.

मी डॉक्टर आहे आणि तोंडाची फटकळ आहे. एवढी तान्ही पोरं एकत्र आणि एकही रडत नाही, यात काहीतरी खोट आहे, असं मी बोलून दाखवलं. त्या खोलीत माझा भाचा होता.

"ताई, तुला सगळीकडे खोटच दिसते," धाकटी बहीण म्हणाली. "मी निर्धास्त मशिनीवर बसते. सुट्टीच्या दिवशी घरी बघ, किती किंचाळतो. घाम काय, शिंका काय. मातेची ओढ लागलीय त्याला. सगळ्यांच्याच पोरांचं असं होतं."

"आणि दूध?"

"मागतच नाही. गुणी आहे."

असंच एक गुणी बाळ मागे झोपेतून उठलंच नव्हतं. "वरून बोलावणं आलं त्याला," माता म्हणाली होती, आणि त्याची आई तिच्याच पाया पडली होती.

मी पाळण्यावर वाकले. अंधूक उजेडात डोळ्याची बाहुली मोठी व्हायला हवी. भाच्याची पापणी वर केली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ निळसर. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. त्याला उचलून आम्ही दवाखान्यात धावलो. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे तो रडला. तपासणीत अफू निघाली.

दुसऱ्या दिवशी बहीणच साबण आणि पाण्याचं भांडं घेऊन मातेसमोर उभी राहिली.

"आधी हात धुवा, मग पोराला गप्प करा."

"साबणानं शक्ती जाते, बाळ."

"वरून येते ना? मग पुन्हा येईल."

बायका हसल्या. मातेनं हात मागे घेतला, तो मी धरला. करंगळीच्या लांब नखाखाली मधात कालवलेला तपकिरी, चिकट लगदा होता. तो कोरून काढला, हात घासून धुतला. मग तीच करंगळी रांगेतल्या पहिल्या रडणाऱ्या पोराच्या तोंडात गेली. पोरानं ती बाहेर ढकलली आणि आणखी मोठं भोकाड पसरलं. बायका मागच्या खोलीकडे पळाल्या.

"अफूनं भूक मरते, श्वास थांबतो," मी त्यांना सांगितलं. "सुट्टीचं ते किंचाळणं म्हणजे ओढ नव्हती, नशा उतरत होती. घरी ठेवू नका, सगळ्यांना आत्ताच दवाखान्यात आणा."

गेलेल्या बाळाची आई तेवढी जागची हलली नाही. "माझ्या बाळाची पापणी कुणी उघडून बघितली असती तर?" तिनं विचारलं.

"वाचलं असतं बहुतेक," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

म्हणून हे लिहितेय. मूल रडलं तर भूक बघा, दुपटं ओलं आहे का बघा, ताप बघा, डॉक्टरला दाखवा. पण कुणी त्याला चुटकीसरशी गप्प केलं, तर पाया पडण्याआधी त्याच्या तोंडात काय गेलं ते विचारा.