नवव्या रांगेतली खुर्ची

उन्हाळी संगीत महोत्सवांची तुलना करणारी एक कचेरी होती, आणि त्या कचेरीचा पहिला नियम असा होता की तुलना करणाऱ्याने महोत्सवाला जाऊन गाणं ऐकायचं नाही. गाणं ऐकलं की माणूस पाघळतो, आणि पाघळलेल्या माणसाकडून न्याय होत नाही, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून उन्हं तापायला लागली की हातगाडीवाले मामा गावोगाव फिरायचे आणि प्रत्येक महोत्सवातून नवव्या रांगेतली एक खुर्ची घेऊन यायचे. नववीच का, तर पहिल्या रांगांत मानाचे पाहुणे बसतात आणि आपण कसे दिसतोय एवढंच बघतात. शेवटच्या रांगांतल्यांचा एक पाय घरी जायच्या वाटेवर असतो. खरा श्रोता नवव्या रांगेत. त्या खुर्चीवर तासभर बसायचं आणि तिथलं वातावरण कसं होतं ते दोन-चार ओळींत लिहायचं. त्या शेऱ्यांवरून लोक पुढच्या उन्हाळ्यात कुठे जायचं ते ठरवत, आणि आजवर एकानेही तक्रार केली नव्हती.

कचेरीत बसणाऱ्या बायका दोन. थोरल्या बाई आणि धाकट्या बाई. त्यांतल्या धाकटीचा हातखंडा असा की बाळंतपणाच्या आधी तिने एका वेताच्या खुर्चीवर अर्धा तास बसून सांगितलं होतं, दुसऱ्या संध्याकाळी वारा सुटला होता आणि या खुर्चीतल्या माणसाचं शेजारच्या बाईशी भांडण होऊन मध्यंतराच्या आत मिटलं होतं. मामांनी चौकशी केली. वारा सुटला होता. भांडणही झालं होतं. मिटलं मात्र मध्यंतरानंतर, पण तेवढं चालतं.

मग मुलगी झाली. तिचं नाव काहीतरी चांगलंच ठेवलं होतं, पण पहिल्याच दिवशी तिचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन परत आला, तेव्हापासून सगळे तिला भोपू म्हणत. आठ महिने झाले, रजा संपली, धाकटी कामावर रुजू झाली, आणि पहिल्याच खुर्चीवर बसली ती झोपली.

तिचा काही इलाज नव्हता. आठ महिन्यांत डोळ्याला डोळा लागला नव्हता; बूड टेकलं की मान कलायची. पहिल्या आठवड्यात ती सात खुर्च्यांवर बसली, सात वेळा दचकून उठली आणि सात शेरे लिहिले : ‘अत्यंत शांत.’ त्यांतला एक महोत्सव नुसत्या नगाऱ्यांचा होता.

साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. त्यांनी एवढंच सांगितलं की आता हंगामातल्या तीन खुर्च्या राहिल्यात, एक समुद्रकाठची, एक डोंगरावरची आणि एक गिरणीच्या मैदानातली. शुक्रवारपर्यंत तिन्ही शेरे हवेत. याही खुर्च्या अत्यंत शांत निघाल्या, तर तिची बदली मुख्य कचेरीत, जिन्यांच्या विभागात होईल. तिथे दिवसभर चढायचं-उतरायचं असतं, झोपेचा प्रश्नच येत नाही. कागद तयार होता, टेबलावर पालथा ठेवलेला.

मुख्य कचेरी आगगाडीने सहा तासांवर. म्हणजे घरी फक्त रविवारी. आता कशी, कचेरीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की तिसरं दार घराचं. अकराला आणि तीनला जाऊन भोपूला पाजून येता यायचं. धाकटीने विचारलं, की खुर्च्या घरी नेऊन बसलं तर चालेल का. साहेबांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. कुठे बसू नये हे त्यात होतं, कुठे बसावं हे नव्हतं.

मामांनी तिन्ही खुर्च्या दारात उतरवल्या तेव्हा सासूबाई बटाटे सोलत होत्या. सूनबाईला या खुर्च्यांवर बसायचं आहे, तेच तिचं काम आहे, हे त्यांना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं, पण डोळ्यांनी पाहायची वेळ पहिलीच.

“बसायचा पगार देतात,” त्या मामांना म्हणाल्या. “मी चाळीस वर्षं उभी आहे, त्याचं काय ते विचारा की तुमच्या साहेबांना.”

मामांनी विचारतो म्हणून सांगितलं आणि गाडी वळवली.

धाकटीची युक्ती साधी होती. मांडीवर भोपू असली की झोप येणं शक्यच नाही. मंगळवारी ती समुद्रकाठच्या खुर्चीवर बसली. कापडाची खुर्ची, मधोमध झोळ पडलेला, शिवणीत वाळू. भोपू चार मिनिटं सरळ बसली, मग तिने पाठ फिरवली आणि मागे कोणी ओळखीचं दिसतंय का ते बघत राहिली. कोणी नव्हतं, तरी हसली. तासभर हेच. धाकटीने लिहिलं : ‘इथे लोक एकमेकांना भेटायला येतात. गाणं कधी संपलं ते कोणाच्या लक्षात येत नाही आणि कोणाचं काही बिघडतही नाही.’

बुधवारी डोंगरावरची. लाकडी, ताठ पाठीची, पुढचे दोन पाय झिजलेले, कारण माणसं पुढे वाकून ऐकत असणार. त्यावर बसल्याबरोबर भोपूने तोंडाचा चंबू केला आणि ती जी गप्प झाली ती गप्पच. पापणीसुद्धा लववेना. इतकी गप्प, की सासूबाईंनी येऊन तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. धाकटीच्या घशात खवखवत होतं, पण खोकायचा धीर होईना. तिने लिहिलं : ‘संगीत उत्तम असावं. खोकणाऱ्याला मात्र इथे पाप लागतं.’

गुरुवारी मैदानातली लोखंडी खुर्ची. भोपू तिच्यावर बसलीच नाही. उभी राहिली, पाठीला धरून दोन्ही हातांनी बडवत सुटली आणि आपल्याच आवाजावर खूश होऊन किंचाळली. गल्लीतल्या दोन खिडक्या बंद झाल्या. शेरा : ‘या खुर्च्या बसण्यासाठी नाहीत, चढण्यासाठी आहेत. दुसऱ्या दिवशी कान दुखत असतील, पण तक्रार करायला घसा उरत नसेल.’

तीन दिवसांत ती खुर्चीवर एक मिनिटही झोपली नव्हती. भोपूच्या पायाचा तळवा गालाला लावून तिने तिला सांगून टाकलं, की बाई, आज तू तुझ्या आईची नोकरी वाचवलीस. भोपूने आईचा कान ओढला.

पण शुक्रवारी सकाळी मामा आले तेव्हा धाकटी भोपूला न्हाऊ घालत होती, आणि खुर्च्या सासूबाईंनी काढून दिल्या. मामांनी विचारलं, डोंगरावरची कुठली. सासूबाई म्हणाल्या, ती लाकडी. स्वयंपाकघरात लाकडी खुर्च्या दोन होत्या. एक डोंगरावरची, जिची ताठ पाठ सासूबाईंच्या कमरेला दोन दिवसांत फार मानवली होती आणि जिच्यावर त्या त्या क्षणी बसलेल्या होत्या. दुसरी घरचीच. बसलेल्या माणसाखालची खुर्ची कोण मागणार? मामा घरची घेऊन गेले.

दुपारी तपासणी बसली. म्हणजे खरोखरच बसली. साहेब, थोरल्या बाई आणि शिक्केवाले, तिघांनी आळीपाळीने प्रत्येक खुर्चीवर बसून शेरा पटतो का ते पाहायचं. समुद्रकाठच्या खुर्चीवर साहेबांनी मागे वळून कोणाला तरी हात केला. शेरा पटला. मैदानातल्या खुर्चीवर थोरल्या बाई, वय अठ्ठावन्न, चपला काढून चढल्या आणि मग ओशाळून उतरल्या. पटला.

तिसऱ्या खुर्चीवर साहेब बसले. दोन मिनिटांनी उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले, दाराकडे दोन पावलं गेले, थांबले, परत येऊन बसले. मग त्यांनी थोरल्या बाईंना खूण केली.

थोरल्या बाई अगदी कडेवर टेकल्या आणि डोळे मिटून सांगू लागल्या. “इथे श्रोता एकच आहे. रोज तोच. खुर्चीची पाठ कोरी करकरीत आहे, कारण तो कधी टेकलाच नाही. कान समोर नाही, डावीकडे आहे, कुठल्याशा दाराकडे. एकही गाणं त्याने पुरतं ऐकलेलं नाही. दरवेळी मध्येच उठतो. आणि तरी परत येतो.” त्यांनी डोळे पुसले. “कोणी इतक्या वेळा परत आलेलं मी आजवर पाहिलं नाही.”

शिक्केवाल्यांनी खुर्ची हुंगली आणि दुधाचा वास येतो म्हणाले.

धाकटीने तेव्हा खाली पाहिलं. खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली भोपूच्या जुन्या दुपट्याची घडी खिळ्याने ठोकलेली होती.

साहेब उभे राहिले. तीस वर्षांत अशी खुर्ची झाली नाही, डोंगरावरच्या महोत्सवाला पहिला क्रमांक द्यायचा, असं त्यांनी जाहीर केलं. धाकटीचा खोकण्याचा शेरा साफ चुकला होता, पण इतक्या आनंदाच्या दिवशी तो दुरुस्त करून घेऊ, बदलीचं नंतर बघू. शिक्केवाल्यांनी शिक्का शाईत बुडवला.

गप्प बसणं सोपं होतं. खुर्ची हरवली म्हटलं की जिन्यांचा विभाग अटळ. न बोललं तर निदान आजचा दिवस निभावणार. पण धाकटीला दिसलं ते पुढच्या उन्हाळ्यातलं. हा शेरा वाचून कोणीतरी आपल्यासारखीच, कडेवर पोर घेऊन, घामाघूम होत तो डोंगर चढेल. जिथे मध्येच उठलं तरी चालतं अशी जागा शोधत. आणि वर गेल्यावर पोर खोकेल.

“साहेब,” ती म्हणाली, “ही खुर्ची आमच्या स्वयंपाकघरातली आहे. तिच्यावर मी बसते.”

शिक्का हवेतच राहिला. तिने बटाटे, न्हाणं, सासूबाईंची कंबर, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “महोत्सव कधीपासून चालू आहे?”

“महोत्सव नाही साहेब, घर आहे.”

“माणूस चुकतो, बाई. खुर्ची चुकत नाही. कधीपासून?”

“आठ महिने.”

“गातं कोण?”

“सासूबाई अंगाई म्हणतात. आणि भोपू. बहुतेक दोघी एकदमच.”

“दिवसातून किती वेळा?”

“सात-आठ वेळा तरी.”

बाकीचे महोत्सव फार तर तीन दिवस चालत. पहिला क्रमांक या महोत्सवालाच, असं म्हणून साहेबांनी नियमांचं पुस्तक मागवलं. क्रमांक आलेल्या महोत्सवाच्या आयोजकाने हंगाम संपेपर्यंत महोत्सवाचं ठिकाण सोडता कामा नये, असं त्यात स्पष्ट होतं. हंगाम कधी संपतो, त्यांनी विचारलं. धाकटीने जरा विचार केला आणि म्हणाली की निदान सगळे दात येईपर्यंत तरी नाही. साहेबांनी लिहिलं : ‘अनिश्चित.’ मग बदलीच्या कागदाची घडी घालून त्यांनी ती डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. आयोजकाची बदली कशी करणार?

डोंगरावरची खुर्ची मामा धावत जाऊन घेऊन आले. साहेब तिच्यावर तासभर बसले. खोकला आवरता आवरता त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला, पण ते खोकले नाहीत. धाकटीचा शेरा एका शब्दाचाही फरक न करता कायम झाला.

सोमवारी दुपारी तीनला घरची खुर्ची परत आली. तिच्यामागोमाग थोरल्या बाई आल्या. एवढ्या मोठ्या क्रमांकाची जागेवर तपासणी व्हायलाच हवी, आणि गाणं ऐकायचं नाही हा नियम, म्हणून कानांत कापसाचे बोळे घातलेले. सासूबाईंनी त्यांना दोनदा या बसा म्हटलं, त्यांना ऐकू गेलं नाही, मग हात धरून खुर्चीवर बसवलं.

सासूबाई पाळण्याची दोरी हलवत गात होत्या. भोपू पाळण्यात उताणी पडून त्यांच्यावर वरताण करत होती. थोरल्या बाई कडेवर टेकल्या. दोन मिनिटं झाली. कानांत बोळे असूनही त्या उठल्या, पाळण्याकडे गेल्या आणि भोपूला उचलून खांद्यावर घेतलं. ऐकायचं नाही एवढंच पुस्तकात होतं. घ्यायचं नाही असं कुठेच नव्हतं.

धाकटी मधोमध उभी राहिली. हात रिकामे. असे हात कुठे ठेवतात हेच ती विसरली होती. शेवटी ती आपल्या खुर्चीवर बसली, आणि थोड्या वेळाने, कोणी रागावणार तर नाही ना असं बघत, मागे टेकली.

सासूबाईंचं गाणं चालूच होतं. आठ महिन्यांत तिने त्याच्या पहिल्या दोन ओळीच ऐकल्या होत्या. तिला वाटायचं, गाणं तेवढंच आहे. त्याला दुसरं कडवं होतं. तिसरंही होतं, आणि त्यात कोणीतरी लांबून घरी येत होतं. चौथ्या कडव्यात ते पोचलं का, हे तिला कळलं नाही.

थोरल्या बाईंनी भोपूला खांद्यावर थोपटत, एका हाताने वही उघडली, खुर्चीकडे पाहिलं आणि लिहिलं : ‘अत्यंत शांत.’