उसना गाल

मान हलवू नका. मी वस्तरा बोलतोय, न्हाव्याच्या दुकानातला. गोड बोलणं मला जमत नाही. तापवून, ठोकून, दगडावर घासून मला जन्माला घातलंय, कुठून येणार गोडवा?

मालकाच्या हाती आलो तेव्हा त्याचे केस काळे होते. आता तो आबा झालाय. दाढीला बसलं की माणसं डोळे मिटतात आणि शेजाऱ्याच्या भानगडी सांगतात. मी सगळं ऐकलंय.

शाळा सुटली की आबाची नात दुकानात येते. पंधराची असेल. फुग्याला साबण फासून त्यावर दाढी शिकलेली. हात लोण्यासारखा, पण आवाज असा की सगळे तिला भोंगाच म्हणतात.

एकदा म्हातारे घड्याळजी केस कापायला आले. जन्मभर घड्याळांत मोहरीएवढे स्क्रू बसवलेले हात आता थरथरतात. दाढी घरीच करायचे, म्हणून गालभर कापलेलं. पोरीला कळवळा आला आणि तिनं तो दुकानभर वाजवला.

"अगंबाई काका, हात थरथरतो का? रोज या, मी फुकट करून देते!"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. घड्याळजी उठले आणि गळ्यातल्या फडक्यासकट चालते झाले. अर्धं डोकं तसंच.

"मी चांगलंच तर बोलले!" पोरगी रडकुंडीला आली.

"चांगलंच बोललीस. पण काकांशी बोललीस की बाकाशी?" आबा म्हणाला. "घेणाऱ्याची मान वर राहील असं काहीतरी शोध. सापडलं की वस्तरा घेऊन जा."

घड्याळजींनी घराबाहेर पडणंच सोडलं. शेवटी एका दुपारी पोरीनं मला उचललं आणि त्यांचं दार वाजवलं. दार फटीएवढं उघडलं. आत दाढीचं रान.

"काका, फडकं न्यायला आले. आणि एक काम होतं. फुग्यावर दाढी करून कंटाळले मी. एक खरा गाल उसना मिळेल?"

"माझाच बरा सापडला?"

"तुमची नजर बारीक. चुकलं तर नेमकं सांगाल. बाकीचे नुसते बोंबलतात."

"आणि कापलंस तर?"

"तर कान धरा."

दार सताड उघडलं, आणि मी रोज त्या गालावर फिरू लागलो. तिच्या हातून फुगा फुटणं कधीच थांबलं होतं, मला ठाऊक ना! पण पठ्ठी मध्येच थांबायची, विचारायची. काका खेकसायचे, "हनुवटीला घाई नको!" आणि खरं सांगतो, तिचा हात आणखी सुधारला. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. तिचं करतो.

आता काका दुकानात येतात ते छाती काढून. "सरका रे, पोरीचा तास आहे."

बाकावरून एकजण म्हणाला, "फुकटची दाढी बरी मिळते!"

मला वाटलं, वाजला आता भोंगा. ती शांतपणे म्हणाली, "फुकटची शिकवणी मला मिळतेय. तुम्ही देता का गाल?" गड्यानं पेपर तोंडासमोर धरला.

परवा काका हळूच पुटपुटले, "मला कळतं गं सगळं."

"ओठ मिटा काका. मिशीशी आलेय."

मी आता घासून घासून काडी झालोय. लवकरच खणात पडेन, पडू दे. एकच मागणं आहे. कुणाला हात द्यायचा तर जरूर द्या, पण बाकाला हाका मारून देऊ नका.