लाभाचं चिपटं

गुंजनच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. गुंजन म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, गंगूताईची नात. ताई तिच्याकडेच पुण्याला असते. मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून बिचारीनं पत्र लिहिलं होतं.

'आजी काही खात नाही. मेतकूट-भात तेवढा मागायची. तुम्ही पाठवलेलं मेतकूट तिनं तोंडातून बाहेर काढलं. "हे आईचं न्हाई," म्हणाली. आता तर बोलतही नाही. पार्सल नको. कोणती डाळ किती ग्रॅम, तेवढं कळवा. मी इथे ताजं करीन.'

पाठवलेलं मेतकूट माझ्या बायकोनं, सखुबाईनं केलं होतं. तिला पत्र वाचून दाखवायचा मला धीर झाला नाही. मी फक्त ग्रॅम विचारले.

"ग्रॅम काहून? हरभऱ्याची डाळ चार चिपटी, उडीद दोन, तांदूळ एक, गहू एक. ताईंनीच तर शिकवलं."

चिपटं म्हणजे धान्य मोजायचं आमचं लोखंडी माप. मी शेजारून वजनकाटा आणला. डाळीचं सपाट चिपटं दोनशे ग्रॅम भरलं. शीग लावली, म्हणजे वर टोक येईपर्यंत भरलं, तर अडीचशे. आपटून भरलं तर आणखी तिसरंच. पुस्तकं उघडली, तर एकातली वाटी दुसऱ्यातल्या वाटीशी जुळेना. रोज आकडे लिहायचे आणि रोज कागद फाडायचा, असं चाललं.

"ताई काय सोनं मागून राहिल्या का?" शेवटी सखुबाई वैतागली. "सरका. मी भरते, तुमी लिहा."

तिनं शीग लावून पहिलं माप काट्यावरच्या परातीत ओतलं. "लाभ," म्हणाली. मग "दोन." "तीन." "चार."

माझा हात थांबला. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमची आई लाभ मोजणीत धरत नसे. आधी लाभ, मग एक. ताई तिच्याच हाताखाली शिकली.

"ताईचे चार म्हणजे पाच असतील," मी म्हणालो.

"आमच्या माहेरी लाभ म्हंजेच एक."

"आमच्याकडं नव्हतं तसं."

सखुबाई चिपटं मांडीवर घेऊन बसली. ताई माहेरपणाला आली की जेवताना म्हणायची, "चांगलं झालंय गं, पण आईच्यावानी न्हाई." मग दुपारभर सखुबाईची भांडी आपटायची.

"मला वाटायचं, नणंद हाय, टोचणारच," ती म्हणाली. "आता धाडलेलं खाल्लं का वो त्यांनी?"

मी परातीतली डाळ हातानं सपाट करू लागलो.

"बोला की."

"न्हाई."

तिनं पाचवं चिपटं भरलं. हातानं शीग नीट केली आणि ओतलं. "लिहा."

साडेबाराशे ग्रॅम. लाभ फक्त पहिल्या धान्याला, म्हणून बाकीचं होतं तेवढंच तोलून लिहिलं. खाली 'सगळं भाजण्याआधीचं वजन' असंही लिहिलं. पण आई मोजायची तेव्हा मी पुस्तकात तोंड घालून बसलेलो असे. खरंच लाभ वेगळा धरायची का ती? हे सांगू शकेल अशी एक ताईच उरली आहे, आणि ती आता बोलत नाही.

सखुबाईही बरोबर आली. एसटी स्टँडजवळच्या टपालपेटीत मी पाकीट अर्धं आत घातलं आणि तसाच उभा राहिलो.

"चुकलं असलं तर?"

"तर ताई थुंकतील," सखुबाई म्हणाली. "सोडा आता."

मी सोडलं.