डाव्या गुडघ्याखालचा टॉवेल

काकूंनी ठरवून टाकलं होतं. पुढच्या महिन्यापासून गच्चीवरच्या खोलीचं भाडं दीडपट.

काकू वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. नवरा गेला तशी पेन्शन अर्धी झाली. सासूबाईंची औषधं दर महिन्याला थोडी थोडी वर सरकत होती, गॅसचं तर विचारूच नका. हातात येणारी वरकमाई म्हणजे ती एक खोली. समोरच्या इमारतीत तेवढ्याच खोलीला दीडपट मिळतात, हे शेजारणीने इतक्यांदा ऐकवलं होतं की काकूंना आपणच लुबाडले जातोय असं वाटायला लागलं होतं.

शिवाय भाडेकरू मुलगी स्किन स्पेशालिस्ट, म्हणजे डॉक्टर नव्हे, चेहऱ्याची ट्रीटमेंट देणारी. कुठल्याशा मोठ्या क्लिनिकमध्ये कामाला. तुकतुकीत चेहरा, इस्त्रीचा पांढरा कोट. एक तोंड चकाकवायचे किती घेतात हे लोक! हिला काय कमी आहे?

जिन्यातच सांगितलं तिला. ती "बघते काकू" म्हणाली आणि वर गेली. वर जाताना काकूंच्या हातातली पिशवी मात्र नेहमीसारखी घेऊन, दारात ठेवून गेली.

त्याच आठवड्यात काकूंचा वाढदिवस आला. भाचीने एक कूपन हातात ठेवलं. चेहऱ्याची ट्रीटमेंट, पूर्ण दीड तास. "मावशी, आयुष्यात एकदा तरी कुणाकडून काही करून घे."

काकू गेल्या. आत शिरल्या शिरल्या भिंतीवरचा दरफलक वाचला आणि परत फिरायच्या बेतात होत्या, पण काउंटरवरच्या मुलीने तोवर फॉर्म पुढे केला. कसली अ‍ॅलर्जी? औषधं कुठली? झोप लागते का? मग आत नेलं, चष्मा काढून ट्रेमध्ये ठेवायला लावला. चष्म्याशिवाय काकूंना स्वतःचा हातसुद्धा लांबचा नातेवाईक वाटायचा.

मंद दिवा. मास्क आणि टोपी घातलेलं कुणीतरी आलं. त्या क्लिनिकचा नियम असा, की क्लायंटने हवं ते बोलावं, स्पेशालिस्टने फक्त "हं" म्हणावं. त्या व्यक्तीने काकूंना नीट झोपवलं, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. आणि न विचारता एक टॉवेल गुंडाळून डाव्या गुडघ्याखाली सरकवला.

आहाहा. गेल्या दोन वर्षांत तो गुडघा असा मोकळा झाला नव्हता.

मग कोमट हात कपाळावरून फिरायला लागले आणि काकूंची जीभ सैल सुटली. भाचीचं कौतुक झालं, सासूबाईंची गाऱ्हाणी झाली. मग म्हणाल्या, "माझ्याकडे भाड्याने एक मुलगी आहे, तुमच्याच लाइनीतली. तिचं भाडं दीडपट केलंय मी. देईल की. तुम्हा लोकांना काय, एकेका तोंडाचे एवढे मिळतात. आणि नाही परवडलं तर जाईल, दुसरी येईल."

"हं," एवढंच आलं. हात थांबले नाहीत. घाई नाही, जोर नाही. उलट काकूंचा आवळलेला जबडा त्या बोटांनी पुन्हा पुन्हा, हळूहळू सोडवला.

काकूंनी चष्मा घातला तेव्हा खोली रिकामी होती. बाहेर येऊन त्यांनी काउंटरवर तोंडभर कौतुक केलं आणि सहज विचारलं, माझ्या डाव्या गुडघ्याचं तिला कसं कळलं हो? मुलीने फॉर्म उलटसुलट पाहिला. गुडघ्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

काकू घरी आल्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर डाव्या गुडघ्यात कळ आली. आणि सवयीने कानात आवाज आला, रोज संध्याकाळी येणारा: "काकू, पिशवी इकडे द्या. डावा पाय सावकाश."

काकू तिथेच पायरीवर बसल्या.

सासूबाई खाटेवर पाय पसरून वाटच बघत होत्या, सून किती गोरी होऊन येते ते बघायला. सुनेचा चेहरा बघितला आणि थट्टा गिळली. काकूंनी सगळं सांगितलं. आपण काय बोललो, तेही, एक शब्द न लपवता.

"म्हणजे तू तिच्या तोंडावर सांगितलंस," सासूबाई म्हणाल्या, "आणि तिने तुझं तोंड पुसलं."

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"तिला मिळतं किती, विचारलंस कधी?"

"पगार कसा विचारायचा आई कुणाला?"

"भाडं सांगताना जीभ अडली नाही, पगार विचारताना अडते?" सासूबाईंनी चादर गुडघ्यांपर्यंत वर केली. "मी चाळीस वर्षं एका बड्या दुकानात कोट शिवले. कोटाची किंमत ऐकून गल्लीला वाटायचं मी पैशात लोळते. आणि तुझा नवरा, माझा लेक, एका शर्टावर सबंध वर्ष शाळेत गेला. अगं, फलकावरचा आकडा जागेचा असतो, मशीनचा असतो, मालकाचा असतो. हाताला काय मिळतं ते कुणी भिंतीवर लिहीत नाही."

मग स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं. सव्वा वर्षापूर्वी या पायांची कातडी कोरडी पडून फुटायची, रक्त यायचं. गच्चीवरची मुलगी चौदा महिने दर रविवारी खाली यायची, जमिनीवर बसून अर्धा तास क्रीम चोळायची. आज पाय लहान मुलासारखे होते.

"आज फलक वाचून आलीस ना? या कामाचा काय दर होता त्यावर?"

होता. दुसऱ्या ओळीत होता. काकूंनी वाचला होता.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली तेव्हा काकू गच्चीवर कठड्याशी उभ्या होत्या. तिने दार उघडलं. आत दोन खोकी दोरीने बांधून तयार.

"कुठे निघालीस?"

"भावाकडे, गावी." मुलीने खोकी पायाने बाजूला केली, काकूंना बसायला जागा केली. खोल्या बघितल्या म्हणाली, पण परवडणारी खोली इतकी लांब, की क्लिनिक बंद व्हायच्या आधीच तिकडची शेवटची बस सुटते. म्हणजे नोकरीच सोडायची.

काकूंनी अखेर विचारलं, "तुला मिळतं किती?"

"तुमचं आज जेवढं बिल झालं ना, ती माझी पाच दिवसांची कमाई." ती जरा हसली. "त्यातून पुन्हा क्रीमचे पैसे कापतात. आमचा चेहरा चांगला दिसायला हवा आणि क्रीम तिथलंच घ्यायला हवं. माझा चेहरा मलाच परवडत नाही, काकू."

"मी एवढं बोलले. तू तिथे काहीच का म्हणाली नाहीस?"

मुलगी हाताची नखं बघत राहिली. "तुम्ही क्लायंट होतात. आणि तुमचा जबडा फार आवळलेला होता. रात्री दात खाता तुम्ही झोपेत. म्हटलं, या बाईने भाडं काही मजेने वाढवलेलं नाही."

काकूंना रडू आलं. मग त्याही बोलल्या. अर्धी पेन्शन, औषधं, शेजारीण, सगळं. दोघी चौदा महिने एकाच जिन्याने चढत-उतरत होत्या आणि एकीचं घर कसं चालतं ते दुसरीला ठाऊक नव्हतं.

खोकी त्याच संध्याकाळी सुटली. ठरलं ते असं. भाडं आहे तेवढंच. तिचा पगार वाढेल तेव्हा, त्याच मानाने वाढेल. रविवारचं पायांचं काम भाड्यातून वजा. यावर मुलगी नको नको म्हणाली, तर सासूबाई खालून ओरडल्या की माझे पाय फुकटचे नाहीत. आणि वर एक गॅस, खाली एक गॅस पेटवायचा कशाला? स्वयंपाक एकत्र, खर्च वाटून. महिन्याच्या शेवटी काकूंच्या लक्षात आलं, भाडं वाढवून जे मिळालं असतं त्यातलं बरंचसं तसंच वाचलं होतं.

सासूबाईंनी पोरीलाही सोडलं नाही. "मालकाला विचारलंस का पगाराचं? की तिथेही नुसतं हं?" मग ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघी मिळून विचारून आल्या. उत्तर अजून यायचंय. पण विचारलं.

मित्रांनो, आपणही हेच करतो. दुकानाचा फलक वाचतो आणि आत राबणाऱ्या माणसाचा खिसा मोजून मोकळे होतो. त्यावरून भाडं ठरवतो, घासाघीस करतो, घरच्या घरी जरा करून दे म्हणतो. कामाची किंमत आणि करणाऱ्याची कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कळायची असेल तर माणसाशेजारी बसून विचारावं लागतं. लाज विचारण्यात नाही, न विचारता ठरवण्यात आहे.

परवाच्या रविवारी पायांचं काम झालं, तसं काकूंनी मुलीला उठू दिलं नाही. तिची बोटं हातात घेतली. दिवसभर पाण्यात आणि औषधात राहून टोकांना चिरा पडल्या होत्या. इतके महिने त्या कुणाला दिसल्या नव्हत्या. काकू क्रीम लावायला लागल्या, धसमुसळेपणाने, भांडी घासल्यासारखं.

"काकू, असं नाही. हळू, टोकाकडून वर."

"हं," काकू म्हणाल्या.