वहीत न लिहिलेली ओळ

त्या वर्षी शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या वाट्याला 'खुनन' हे क्रियापद आलं. आम्हा डचांच्या तोंडी दिवसातून दहादा येणारं. शेजाऱ्याचं भलं झालं की पोटात दुखतं ना, त्याच्या बरोबर उलट. आपल्याला हवं होतं ते दुसऱ्याला मिळालं आणि तरी मनापासून बरं वाटलं, तर ते खुनन. नगरपालिका पुलाचं कंत्राट एखाद्याला देते, तेही खुननच. मूळ शोधत मागे गेले तर एक जुना शब्द सापडला. त्यात देणं आणि माया करणं एकत्रच होतं. मी ते टिपून घेतलं आणि मला स्वतःचीच चीड आली, कारण घरी मी नीन्केची बॅग भरत होते.

नीन्के तीन वर्षांची असताना माझ्याकडे सांभाळायला आली. तिची आई वेरा तेव्हा मनाने फार आजारी होती. आता नीन्के आठ वर्षांची, वेरा बरी झालेली, आणि न्यायाधीशबाईंनी सांगितलं की पोर आईकडे जाईल. बरोबरच होतं. पाच वर्षं मी तिची मानलेली मावशी होते, आणि मावशीचा हक्क तो कितीसा!

मूल परत जाताना आईसाठी एक वही लिहून द्यायची असते. काय खाते, कशाला घाबरते, सगळं. मी मन लावून लिहिली. पावावर चॉकलेटचा चुरा कडेपर्यंत हवा. केस ओले असताना विंचरू नयेत. सायकलवर डावीकडे वळताना कचरते. फक्त झोपेतून दचकून उठली तर काय करायचं, ते लिहिलं नाही. तिला जवळ घ्यायचं नाही, बोलायचंही नाही. पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसायचं. मग ती आपल्या खांद्यावर पाय ठेवते आणि झोपते. ही ओळ मी विसरले नव्हते. एवढं तरी माझं राहू दे, तिला माझी आठवण येऊ दे, असं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तीन आठवड्यांनी वेराने रविवारी अकराच्या कॉफीला बोलावलं. नीन्के धावत येऊन बिलगली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. जरा वेळाने ती अंगणात गेली.

"झोपतच नाही गं," वेरा म्हणाली. "जवळ घ्यायला गेले की ढकलते. परवा मला म्हणाली, 'तू मावशी नाहीस.' तुझी वही पाठ झालीय मला, हेस्टर. माझंच काहीतरी चुकत असणार, मी कधी धड आई होतेच कुठे?"

मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, आधी बरंच वाटलं.

"होईल सवय," म्हणून मी उठले आणि संडासात गेले. समोर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं, आम्हा डचांच्या सगळ्यांच्या घरी असतं तिथेच. मार्चच्या पानावर दोनच नावं. नऊला नीन्के. चौदाला, वेराच्या अक्षरात, शाईने, 'हेस्टर मावशी'. खाली बारीक अक्षरात, 'केक नीन्के करणार'. मी नळ सोडून ठेवला आणि रडले.

बाहेर येऊन म्हणाले, "वेरा, वहीत एक ओळ नाहीये."

"राहिली का?"

"राहिली नाही. मी मुद्दाम लिहिली नाही."

मी सगळं सांगितलं. तिने कप बाजूला सारला.

"तीन आठवडे, हेस्टर. पोर तीन आठवडे झोपली नाही."

"हो."

मला वाटलं, आता घराबाहेर काढेल. काढायलाच हवं होतं. तिने उठून वही आणली, पेन उघडलं.

"कुठला खांदा?"

"उजवा," मी म्हणाले.

मंगळवारी कचेरीत तिचा निरोप आला. 'काल झोपली. सकाळी सातपर्यंत.' मी उत्तर दिलं, 'किती छान!' आणि फोन पालथा ठेवला. पाच वर्षांत फक्त मलाच जमायचं ते आता तिच्या आईला जमलं होतं. माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

मग 'खुनन'ची नोंद काढली. व्याख्येत 'मनापासून' असा शब्द मी घातला होता. तो खोडला. आपण देतो तेव्हा मन मागेच राहिलेलं असतं, खोलीच्या दारात, रिकाम्या पलंगाकडे बघत.