अठ्ठावन्नाविरुद्ध एक

व्हर्लिन स्ट्राउडने 'होय'च्या गोलावर टेकवलेलं पेन उचललं, खालच्या 'नाही'च्या गोलावर नेलं आणि तो गोल काळाकुट्ट भरून टाकला. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागून त्याने इकडेतिकडे पाहिलं. मेथडिस्ट चर्चच्या तळघरात त्या वेळी दुसरं कुणी मत देत नव्हतं. त्याने मतपत्रिका यंत्रात सरकवली आणि यंत्राने ती मुकाट्याने ओढून घेतली.

मतदारयादी घेऊन बसलेल्या बाईंनी 'मी मत दिलं' असा स्टिकर त्याच्या शर्टावर स्वतःच्या हाताने लावला.

"तुला काय विचारायचं, व्हर्लिन," त्या म्हणाल्या. "तुझं मत तर तुझ्या अंगणातच रोवलेलं आहे."

ते खरंच होतं. त्याच्या अंगणात, फाटकाशी, 'होय' लिहिलेली पाटी गेले दोन महिने उभी होती. प्रश्न साधा होता. काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, विक्रीकर डॉलरमागे अर्ध्या सेंटने वाढवायचा आणि त्या पैशातून पूर्णवेळ पगारी अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका ठेवायची. आजवर पिन ओक गावात आग लागली की खांबावरचा भोंगा वाजायचा आणि ज्याच्या हातात जे काम असेल ते टाकून तो धावायचा. या बिनपगारी मंडळींचा कॅप्टन सत्तावीस वर्षं व्हर्लिनच होता. पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलायची आणि भोंगा वाजला की बंब काढायचा, हेच त्याचं आयुष्य. रुग्णवाहिका मात्र काउंटीच्या मुख्य गावाहून यायची आणि तिला यायला चाळीस मिनिटं लागायची. तेवढ्यात माणूस आटपायचा.

म्हणून हा कर हवाच होता, आणि व्हर्लिनइतकं कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तो घरोघर फिरला होता. तळ्यावर मासे धरायला येणारे शहरी लोक आणि हमरस्त्यावर पेट्रोल भरणारे परके हेसुद्धा हा कर भरतील, सगळा बोजा आपल्याच डोक्यावर नाही, हे त्याने पायऱ्यापायऱ्यांवर बसून समजावलं होतं.

घोडं अडलं होतं ते जॅनेल प्रुइटपाशी.

जॅनेल वर्षापूर्वी सेंट लुइस शहरातून आली. एकतीस वर्षांची, रुग्णवाहिकेवरचं सगळं शिक्षण घेतलेली. नवं दल झालं की त्याच्या प्रमुखाकडे ते प्रमाणपत्र हवं, असा नियम होता, आणि ते गावात तिच्या एकटीकडेच होतं. व्हर्लिनला 'मानद कॅप्टन' करणार होते. मानद म्हणजे चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बंबावर बसून हात हलवायचा. नवी विटी, नवं राज्य.

तेही त्याने गिळलं असतं. पण गेल्या शरदात सॉफ्टबॉलच्या सामन्यात रॉय टॅकेट न्हावी मैदानातच कोसळला. व्हर्लिन गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत राहिला, अकरा मिनिटं. त्याचे हात लाकडासारखे झाले. मग जॅनेल तिचं यंत्र घेऊन आली, "थोडं सरका, कॅप्टन," म्हणाली, रॉयच्या छातीला विजेचा झटका दिला, आणि रॉयने डोळे उघडले. त्या दिवसापासून गावाच्या तोंडी एकच नाव. जॅनेलने वाचवलं. आधीची अकरा मिनिटं कुणाच्या हिशेबातच नव्हती. खुद्द रॉयसुद्धा तिचे केस फुकट कापून देतो म्हणाला. आणि रूबार्बच्या आंबट देठांचा तो भट्टीतला गोड 'पाय', जो व्हर्लिनची बायको आर्डिथ वर्षातून एकदा त्याच्या वाढदिवसाला करायची, तो तिने मार्चमध्येच करून जॅनेलकडे पाठवला. "एकटी राहते बिचारी," एवढंच ती म्हणाली.  त्या रात्री व्हर्लिन जेवला नाही. पोटात दुखतंय म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

ती पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईटही नव्हती.

'नाही'चा गोल भरताना त्याचा हिशेब असा होता की, पिन ओकने आजवर कुठलाच कर धड मंजूर केलेला नाही, वीस-पंचवीस नकार पडणारच. त्यात आपला एक. कर मंजूर व्हायचा तर होईल, पण आपल्या हाताने आपण तिला खुर्चीवर बसवलं नाही, एवढं समाधान तरी राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेडीनच्या कॅफेत शिरला तर सगळे दारामागच्या भिंतीशी गोळा झालेले. काउंटीने केंद्रनिहाय निकाल जाहीर केला होता आणि नेडीनने तो कागद तिथे चिकटवला होता. सगळ्या काउंटीत कर जेमतेम निभावला होता. पण पिन ओकच्या ओळीत होय अठ्ठावन्न होते, आणि नाही एक.

व्हर्लिनने तो आकडा दोनदा वाचला. मग तो आपल्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसला.

"एक," नेडीन कॉफी ओतता ओतता म्हणाली. "अख्ख्या गावात एक दिवटा निघाला. आणि तो कोण, ते शेंबडं पोरही सांगेल."

सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या. तिथे क्लोव्हिस बीमर बसला होता. अठ्ठ्याहत्तरीचा, गावातला नामांकित कंजूष. पाण्याच्या नळाला त्याने विरोध केला होता, शाळेच्या छपराला केला होता, रस्त्यावरच्या दिव्यालाही केला होता.

"मी होय म्हटलं," क्लोव्हिस म्हणाला.

सगळे हसले. कुणीतरी कुत्र्याच्या शेपटाची आणि नळीची म्हण काढली. नेडीनने त्याच्यापुढे कॉफी ठेवली ती कागदी पेल्यात, वाटसरूंना देतात तशी. त्याचा स्वतःचा कप भिंतीवरच्या खुंटीला तसाच लटकत राहिला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"हा व्हर्लिन माझ्या पायरीवर दोन तास बसला होता," क्लोव्हिसचा आवाज चढला. "मी होयच म्हटलंय."

"एवढं तापायला काय झालं?" नेडीन म्हणाली. "खाई त्याला खवखवे."

व्हर्लिनने मान खाली घातली. खवखव कुणाला होत होती हे त्याचं त्यालाच माहीत. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, की लोकांनी जॅनेलकडे बघून मतं दिली असतील, रॉयला तिने वाचवलं ना.

"कुणी सांगितलं?" नेडीन किटली हातात घेऊन तशीच थांबली. "पोरगी गुणी आहे, पण तिला येऊन वर्ष झालंय. माझ्या नवऱ्याने जन्मात कुठल्या कराला होय म्हटलं नव्हतं. काल म्हणाला, व्हर्लिन सांगतोय ना, मग द्यायचं. अरे, सगळ्यांनी तुझ्या शब्दावर दिली मतं."

शेजारच्या टेबलावर रॉय न्हावी होता, त्याने मान हलवली. त्याच्या पलीकडच्या दोघांनीही हलवली. व्हर्लिन त्या माना बघत राहिला. वर्षभर तो ज्यासाठी झुरला होता ते त्याचंच होतं, फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

एवढ्यात जॅनेल आत आली. ती सरळ त्याच्याकडे आली आणि तिने हात पुढे केला. काउंटीच्या मंडळाला कळवलंय म्हणाली, कॅप्टन माझ्यासोबत नसतील तर मी प्रमुखपद घेणार नाही. ओढ्याला पाणी आलं की कुठला रस्ता बंद होतो, हे मला कोण सांगणार? व्हर्लिनने तिचा हात हातात घेतला. अजूनही आत कुठेतरी टोचलंच. एवढं करून ती मनानेही मोठी निघाली, हे काही त्याला सुखाचं वाटलं नाही.

कोपऱ्यात क्लोव्हिसने कागदी पेल्याला हातही लावला नव्हता.

"ते मत माझं होतं," व्हर्लिन म्हणाला.



"काय?" नेडीनने विचारलं.

"ते 'नाही' मी दिलंय. क्लोव्हिसला सोडा."

मग रॉय हसला, आणि त्याच्या मागून सगळे. पण या हसण्यात माया होती. नेडीनने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

"बघा," ती म्हणाली. "माणूस असावा तर असा. दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर घेतो. शिका काही, क्लोव्हिस."

"अगं, खरं सांगतोय मी."

"हो, हो. कळलं आम्हाला."

त्याने शपथ घेतली तर तिने त्याच्या बशीत न मागता डोनट ठेवला. जॅनेलने त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्याला जे कौतुक हवं होतं ते भरभरून मिळत होतं, आणि एकेक शब्द चटका देत होता. क्लोव्हिसने टोपी उचलली, कुणाकडेही न बघता पैसे टेबलावर ठेवले आणि तो बाहेर पडला.

व्हर्लिन त्याच्या मागे गेला. म्हातारा आपल्या गाडीच्या दाराला पाठ टेकून उभा होता, जणू वाटच बघत होता.

"त्या पोरीपायी?" त्याने विचारलं.

व्हर्लिनने मान डोलावली.

"तुम्हाला पटलं?" तो म्हणाला.

"मला न पटून कसं चालेल? मी होय म्हटलं हे मला माहीत आहे. मग राहिलं कोण?" क्लोव्हिसने टोपी डोक्यावर घातली आणि ती नीट बसवली. "मी खरं बोललो हे या गावात फक्त तुला ठाऊक आहे. आणि तू खरं बोललास हे फक्त मला. बाकीच्यांना मेलो तरी पटायचं नाही."

"मी पुन्हा सांगतो त्यांना. घरोघर जाऊन सांगतो."

"सांग. आणखी कौतुक करतील, तुझ्या नावाची पाटी लावतील."

तो गाडीत चढला, दार ओढून घेतलं आणि काच खाली केली. व्हर्लिनने विचारलं की उद्या कॉफीला येणार ना.

"येणार की," क्लोव्हिस म्हणाला. "रोज येईन. कागदी पेल्यात पिईन, आणि तुझ्या समोरच बसेन."